आईची भाड्याची वही

तुमच्या फोनवरही तो मुलगा येऊन गेला असेल. मागे उंच टॉवर, हातात गाडीची किल्ली आणि तोंडी ठरलेलं वाक्य : 'फ्लॅट घ्या, भाड्यानं द्या, हप्ता भाडेकरू भरेल, तुम्ही निवांत झोपा.' रील तीस सेकंदांत संपतं. मग कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, 'यार, नोकरी लागली की दोन वर्षांत एक वन बीएचके उचलायचा. भाडं सुरू.'

मला त्या मुलाशी भांडायचं नाहीये. त्याच्या रीलशेजारी फक्त एक वही ठेवायची आहे. दोनशे पानी, खाकी कव्हरची. त्यावर माझ्या आईनं, शाळेत फळ्यावर लिहायची तशा ठळक अक्षरांत, एकच शब्द लिहिलाय : 'डोंबिवली'.

२०१५ मध्ये, मी आठवीत होतो तेव्हा, आईबाबांनी डोंबिवली पूर्वेला एक वन बीएचके घेतला. राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. आम्ही ठाण्यात राहतो. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आपला तिसरा मजला. त्या दिवसापासून आलेला-गेलेला प्रत्येक रुपया आईनं या वहीत मांडलाय. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वही माझ्याकडे आली. 'आता तू लिही,' म्हणाली. लिहिण्याआधी मी ती पहिल्या पानापासून वाचून काढली. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो, कारण पाच-सात वर्षांत हा प्रश्न तुमच्यासमोर येणार आहे. कुणाला मालक म्हणून, आणि त्याच्या आधी बहुतेकांना भाडेकरू म्हणून.

हप्ता सोळा, भाडं नऊ

पहिल्या पानावर किंमत आहे : ३० लाख. त्याखाली मुद्रांक शुल्क, नोंदणी, ब्रोकरची दलाली, सोसायटीची हस्तांतर फी, रंग आणि बाथरूमची दुरुस्ती. सगळं मिळून आणखी ३ लाख. म्हणजे घर ३० लाखांचं आणि हातातून गेले ३३. रीलमध्ये हे तीन लाख कधीच नसतात.

अर्धे पैसे साठवलेले होते. १५ लाखांचं कर्ज काढलं, १५ वर्षांसाठी. हप्ता १६ हजारांच्या आसपास. पहिलं भाडं ठरलं ९ हजार. म्हणजे 'हप्ता भाडेकरू भरेल' हे पहिल्याच महिन्यात खोटं ठरलं. दर महिन्याला ७ हजार आईच्या पगारातून जायला लागले.

आता वर्षाचा हिशेब बघा. भाडं १ लाख ८ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १४,४००. घरपट्टी ७ हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर साधारण महिनाभर रिकामं, म्हणजे ९ हजार बुडाले. रंग, नळ, गिझर, किरकोळ दुरुस्ती सरासरी ८ हजार. करारनामा आणि दलाली वर्षाला सरासरी ५ हजार. एकूण खर्च ४३,४००. हातात उरले ६४,६००.

३३ लाखांवर ६४,६०० म्हणजे दोन टक्क्यांहूनही थोडं कमी. यात कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. त्या वर्षी बँकेची मुदत ठेव साडेसात-आठ टक्के देत होती, आणि आपलं कर्ज दहाच्या जवळ होतं.

'पण किंमत वाढते ना!' बरोबर. आमच्या इमारतीतला तसाच एक फ्लॅट नुकताच ४५ लाखांना गेला. ३३ चे ४५ दहा वर्षांत. ऐकायला छान वाटतं. कॅल्क्युलेटरवर करून बघा, वर्षाला सव्वातीन टक्केही भरत नाहीत. भाडं आता १३,५०० झालंय, ते धरूनही सगळा परतावा पाच-सहा टक्क्यांच्या घरात फिरतो. तोटा नाही झाला. पण 'झोपेत श्रीमंत' वगैरे काही झालं नाही. एकच गोष्ट जरा हलकी आहे, ती म्हणजे आयकर : भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा केली की उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पावत्या जोडाव्या लागत नाहीत. पण त्यासाठी भाडं रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. आई पहिल्या वर्षापासून दाखवते.

मग घेतलाच कशाला? मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, 'आपलं म्हणून एक घर असावं, बस.' हे उत्तर गणिताचं नाही. ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

डोंबिवली अशी भरली

बाबा लालबागच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, पागडीची. मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला तेव्हा १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं' धरलं गेलं. महागाई वाढत राहिली, भाडं तिथंच थांबलं. भाडेकरूला आधार मिळाला हे खरं, त्या काळात तो हवाही होता. पण भाड्यानं देण्यासाठी नव्या चाळी बांधणं कुणालाच परवडेना. ज्यांनी कायद्यातून वाट काढत 'लायसन्स'वर जागा दिल्या होत्या, त्यांच्याबाबतीत १९७३ ला कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालकांनी धसकाच घेतला : जागा दिली की गेली.

मग सामान्य माणसानं काय करायचं? विकत घ्यायचं, आणि विकत परवडेल तिथं जायचं. १९६३ च्या मोफा कायद्यानं ओनरशिप फ्लॅटच्या व्यवहाराला चौकट दिली होतीच. रेल्वे तर होतीच : ठाण्याला १८५३ पासून, कल्याणला १८५४ पासून. गिरगाव, परळ, लालबागमधली कुटुंबं लोकलनं जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब गेली आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण भरत गेलं. तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबांची गोष्ट हीच असेल.

या पिढीला घराच्या किमतीपेक्षा 'घर कुणी काढून घेणार नाही' हे महत्त्वाचं वाटतं. पुढे याच लोकांनी उरलेल्या पैशात दुसरा छोटा फ्लॅट घेतला आणि भाड्यानं दिला. आज डोंबिवली-कल्याणमध्ये तुम्हाला भाड्याची खोली मिळते ती कुठल्या मोठ्या कंपनीकडून नाही, अशाच एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडून किंवा रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांकडून मिळते. हा सगळा बाजार अशा वह्यांवर चाललाय.

अकरा महिन्यांचं कोडं

वहीत तिसऱ्या पानावर आईनं लाल पेनानं लिहिलंय : 'नोटरी चालत नाही!!' दोन उद्गारचिन्हांसकट.

पहिल्या भाडेकरूच्या वेळी ब्रोकर म्हणाला होता, 'मॅडम, अकरा महिन्यांचंच आहे, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, रजिस्टर करायची गरज नाही.' आईनं ऐकलं. पुढच्या वर्षी शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या वकील मुलानं तिला समजावलं.

अकरा महिन्यांची पद्धत आली ती जुन्या नोंदणी कायद्यामुळे. त्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक अकरावर थांबायला लागले. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि हे सगळं वाचवत कोण होतं? आपण, तेही किती पैशांसाठी! लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क लागतं ते करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दरानं मानलेलं व्याज मिळवायचं. महिना १३,५०० भाडं, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर शुल्क येतं चारशे रुपयांच्या आत. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन होतं. घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणाऱ्या एजंटची फी वेगळी, ती आधी ठरवून घ्या.

नोंदवलेल्या कराराचा फायदा मालकालाही आहे. मुदत संपली आणि माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. बाबांच्या मनातली 'जागा दिली की गेली' ही भीती या कागदानं कमी झाली.

त्याबरोबर भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं आलंच. ठाणे, कल्याण, डोंबिवली सगळं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, आणि हे कामही ऑनलाइन होतं. आई तो कागद कराराच्या मागे पिन करून ठेवते.

सोसायटीचंही एक पान आहे. आपण स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी महिना ५०० रुपये 'नॉन-ऑक्युपन्सी' लावत होती. आईनं दोन वर्षं मुकाट भरले. मग कळलं की १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आपलं सेवाशुल्क होतं ९००. म्हणजे कमाल ९० रुपये. आईनं निर्णयाची प्रत नेऊन सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. भांडण नाही, काही नाही. पुढच्या बिलात ९० आले.

एप्रिल २०२० चं पान

हे पान मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसलो होतो.

तेव्हा आमच्याकडे परभणी जिल्ह्यातलं एक कुटुंब राहत होतं. नवरा ठाणे स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, बायको घरी, पोरगी बालवाडीत. भाडं १०,५००. मार्चच्या शेवटी लोकल बंद झाली. दुकान बंद झालं. ते कसेबसे गावी गेले, सामान फ्लॅटमध्येच, कुलूप लावून.

एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सांगितलं की भाडं तीन महिने पुढे ढकला आणि कुणाला घराबाहेर काढू नका. मालकाचा हप्ता मात्र असतोच. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली तेव्हा आईनं तीन महिने घेतली. नंतर कळलं, हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ते मुद्दलात मिळवलं गेलं. तोही आकडा वहीत आहे.

एप्रिलच्या रकान्यात आईनं लिहिलंय : '० — गावी.' मे : '०.' जून : '०.' जुलै : '० — फोन आला.' फोनवर तो म्हणाला होता, 'ताई, सामान विकून घ्या भाड्यात. मला तोंड दाखवायला जागा नाही.' बाबा चिडले होते. पाच महिन्यांचे ५२ हजार, आणि डिपॉझिट होतं ३०. हिशेबानं बघितलं तर सामान काढून दुसरा भाडेकरू ठेवणं योग्य होतं. आई म्हणाली, 'आत्ता नवा भाडेकरू आणणार कुठून? आणि त्या पोरीची पाटी-दप्तर मी रस्त्यावर ठेवू?'

सप्टेंबरमध्ये तो परत आला. आईनं दोन महिन्यांचं भाडं माफ केलं, उरलेल्या तीन महिन्यांचं दीड-दीड हजारानं, नेहमीच्या भाड्याबरोबर घेतलं. एकवीस महिने. वहीत प्रत्येक दीड हजारापुढे बरोबरची खूण आहे. तो आणखी तीन वर्षं राहिला. त्या तीन वर्षांत दलाली शून्य, रिकामा महिना शून्य. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी गळायला लागलं तेव्हा त्यानं पहिल्याच दिवशी फोटो पाठवला, म्हणून १८ हजारांत काम भागलं. स्लॅबची सळई उघडी पडली असती तर किती झाले असते, कुणास ठाऊक.

'चांगलं वागा, चांगलं होतं' असं मी म्हणणार नाही. त्यानंतर आलेल्या एकानं दोन महिन्यांचं लाइटबिल थकवलं आणि मागच्या शनिवारी जातो म्हणत पुढच्या शनिवारी गेला. पण एक गोष्ट आकड्यांतच दिसते : हजार-पाचशे जास्त देणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा, कळवणारा आणि टिकणारा भाडेकरू स्वस्त पडतो. एक रिकामा महिना म्हणजे भाड्याची एका वर्षाची वाढ गेली.

उद्याची गाडी, आजचं भाडं

बाबांच्या एका मित्रानं त्याच सुमारास घोडबंदर रोडला, गायमुखच्या दिशेनं, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला. स्विमिंग पूल, क्लबहाउस, 'समोरून मेट्रो जाणार'. मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं डिसेंबर २०१८ मध्ये. तेव्हापासून खांब उभे राहिले, भाडेकरू मात्र रोज घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उभा. क्लबहाउसचा मेंटेनन्स मालकाच्या खिशातून जातो आणि घर बघायला आलेला माणूस विचारतो, 'स्टेशनला पोहोचायला किती वेळ?'

आमच्या फ्लॅटला ना पूल, ना लिफ्ट. पण स्टेशन चालत बारा मिनिटं. दहा वर्षांत घर बघायला आलेल्या माणसांनी विचारलेले प्रश्न आईनं वहीच्या शेवटी लिहून ठेवलेत. पाणी किती वेळ येतं? टाकी आहे का? स्टेशनला शेअर रिक्षा लागते का? रात्री शेवटच्या गाडीनं आलं तर रस्त्यावर दिवे असतात का? (हा प्रश्न दर वेळी मुलींनी विचारलाय.) बाजार कुठे? 'मेट्रो कधी येणार?' हे एकदाही कुणी विचारलेलं नाही. ब्रोकर तुम्हाला उद्याची गाडी विकतो. भाडेकरू पैसे देतो ते आज धावणाऱ्या गाडीचे.

पासष्ट इमारती

वहीत एक पान कोरं आहे. वर फक्त लिहिलंय : 'दुसरा?' आणि त्यावर काट मारलेली.

आमच्याकडे एकदा थोडे पैसे जमले होते. डोंबिवलीतच नव्या सात मजली इमारतीत एक फ्लॅट फार स्वस्त मिळत होता. रेराचा नंबर होता, ब्रोशर होतं, परवानगीची झेरॉक्सही होती. बिल्डरचा माणूस म्हणाला, 'ओसी येतेच आहे.' आईनं ती झेरॉक्स घेतली आणि महापालिकेच्या नगररचना विभागात गेली. त्या पत्रावरचा जावक क्रमांक तपासून द्या म्हणाली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं : या क्रमांकाची अशी परवानगी आमच्या नोंदीत नाही. तिनं घरी येऊन पानावर काट मारली.

नंतर बातम्या आल्या. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले आणि इमारती उभ्या राहिल्या. एक-दोन नव्हे, ६५. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचा आदेश दिला. आत हजारो कुटुंबं राहत होती. रहिवासी विचारत होते, रेरा नंबर होता, नोंदणी झाली, आमच्यातल्या अनेकांना कर्जही मिळालं, मग चूक आमची कशी? प्रश्न खरा आहे. आम्ही बघितलेली इमारत त्या ६५ मध्ये नव्हती. पण ती बातमी वाचताना आई बराच वेळ काही बोलली नाही.

बेकायदा बांधकाम म्हणजे नुसती कागदाची भानगड नसते. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये अशीच एक इमारत कोसळली. वर मजले चढत होते, खाली माणसं राहत होती. ७४ जण गेले.

म्हणून रेराचा नंबर ही तपासणीची सुरुवात समजा, शेवट नाही. परवानगीची प्रत महापालिकेतून स्वतः पडताळा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, 'येतंय' असेल तर ते येईपर्यंत थांबा. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघा. जमिनीचा आणि टायटलचा शोध स्वतःच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरनं सुचवलेल्या वकिलाकडून नको. भाव आजूबाजूच्या दरापेक्षा फारच कमी असेल तर आनंद होण्याआधी कारण शोधा. आईचे तीन दिवस आणि रिक्षाभाडं गेलं. वाचलं काय, ते तुम्हीच ठरवा.

आधी तुम्ही भाडेकरू होणार

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पहिली नोकरी ऐरोलीला, ठाण्याला नाहीतर पुण्याला लागेल आणि तिघं-चौघं मिळून फ्लॅट शोधाल. तेव्हा ऐकाल : 'बॅचलर्सना देत नाही.' आमच्या सोसायटीतही दोन वर्षांपूर्वी हा वाद झाला. ऐरोलीच्या आयटी कंपनीत काम करणारी तीन मुलं होती. कमिटीतले एक काका म्हणाले, 'आमची परवानगी नाही.' सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्यानं देताना सभासदानं सोसायटीला कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. आईनं ते दाखवलं, आणि मुलांनाही बसवून सांगितलं, 'रात्री अकरानंतर जिन्यात आवाज आला तर काकांच्या आधी मी येईन.' दोन्ही बाजूंनी शब्द पाळला.

घर घेताना तुम्ही चार गोष्टी करा. नोंदवलेला करार मागा. मालक टाळत असेल तर त्याला कलम ५५ सांगा. आत जायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि लाइटच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा. डिपॉझिट आणि भाडं बँकेतून द्या, रोख नको. सोडायची नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिटमधून काय कापलं जाईल, हे करारात लिहून घ्या. आमच्या वहीत डिपॉझिटवरून झालेले वाद तीन आहेत. तिन्ही वेळा कारण एकच : आधीचे फोटो नव्हते.

आणि हातात दोन-चारशेच रुपये असतील आणि भाड्याचं उत्पन्न म्हणजे काय हे शिकायचं असेल, तर रीट बघा. मोठ्या ऑफिस इमारतींचं भाडं गोळा करून युनिटधारकांना वाटणारे हे ट्रस्ट शेअर बाजारात आहेत. भारतात पहिला नोंदला गेला तो एम्बसी, १ एप्रिल २०१९ ला. माइंडस्पेस रीटमध्ये ऐरोलीची आयटी पार्कं आहेत, जिथं जाण्यासाठी अर्धी डोंबिवली रोज ठाण्याला गाडी बदलते. आता एक युनिटसुद्धा घेता येतं, आणि वाटण्याजोग्या रकमेतला किमान ९० टक्के भाग त्यांना वाटावाच लागतो. भाव खाली-वर होतो, ऑफिसं रिकामी पडली तर उत्पन्नही घटतं. घ्याच असं म्हणत नाही. पण त्यांचे तिमाही अहवाल फुकट वाचता येतात. रिकामी जागा, देखभाल, कर्ज, भाडेवाढ हे आईच्या वहीतलेच रकाने तिथं कोटींत दिसतात.

परवा रविवारी मी डोंबिवलीला गेलो होतो. जुना भाडेकरू गेला, नवा एक तारखेला येतोय. मोरीचा नळ बदलला, प्लंबरनं ४५० घेतले. संध्याकाळी घरी येऊन वही उघडली आणि तारीख टाकून लिहिलं : 'नळ — ४५०.' आईनं चष्मा लावून बघितलं. म्हणाली, 'जायचं-यायचं तिकीटही लिही. आणि तुझा रविवार गेला, तोही लिही.'

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला झोपेत पैसे मिळवायचा मार्ग सांगितला, तर त्याला एवढंच विचारा : तुझी वही दाखव.